लॉरेलचं हायब्रिड

माझ्या बाबांनी गांजा लावायचं ठरवलं तेव्हा सर्वात आधी त्यांनी कायदा छापून घेतला. दोन प्रती. एक त्यांना, एक मला. माझ्या प्रतीवर पिवळ्या पेनानं रेघा मारलेल्या होत्या, कारण अडतीस वर्षं सरकारी खात्यात काढलेल्या माणसाचा, कुणी कागद आपणहून नीट वाचेल यावर विश्वास उरलेला नसतो.

मी टिलीला खांद्यावर टाकून तिची ढेकर काढायच्या खटपटीत होते. सात महिन्यांची टिली हे काम कधीच पहिल्या प्रयत्नात होऊ देत नसे.

"वाच," बाबा म्हणाले. "माणशी दोन झाडं, घरटी चार. उघड्यावर, सूर्यप्रकाशात. दिवे लावून वाढवायचं नाही. लहान मुलांचा हात पोचेल असं ठेवायचं नाही. विकायचं नाही, वाटायचं नाही. एवढं पाळलं की कॅनबेरात आपल्याला कुणी काही म्हणू शकत नाही."

"बाबा, तुम्ही गांजा ओढणार?"

"मी?" त्यांना खरोखर धक्का बसला. "अगं, मी डोकेदुखीची गोळीसुद्धा अर्धी करून घेतो."

मग त्यांनी स्वेटरच्या खिशातून एक तपकिरी पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये, आईच्या बियांच्या डब्यात, काकडी आणि कोबी यांच्या मधोमध ते सापडलं होतं. वर आईचं तिरकं, घाईतलं अक्षर: 'हायब्रिड. पीक जोरदार. कपनंतर लाव.' आत तीन बिया.

कप म्हणजे मेलबर्न कप, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी होणारी घोड्यांची शर्यत. आमच्या गावात ती शर्यत होईपर्यंत टोमॅटोचं रोप जमिनीत लावणाऱ्याकडे लोक दयेनं बघतात, कारण तोवर केव्हाही हिमाचा थर पडून रोप काळं पडू शकतं. आई गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेली. हाडांच्या दुखण्यानं शेवटी शेवटी तिला धड बसवतही नव्हतं. त्या दुखण्यावर म्हणून तिनं कुठून तरी या बिया मिळवल्या असाव्यात असं आम्हाला वाटलं. कपपर्यंत ती राहिली नाही.

बाबा शेड आवरत होते ते उगाच नाही. त्यांची बहीण, म्हणजे माझी शर्ली आत्या, वर क्वीन्सलंडला हर्वी बेमध्ये राहते. तिथं थंडी नाही, समुद्र आहे, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या शेजारचं एक छोटं घर बाबांचीच वाट बघत रिकामं आहे. आई गेल्यापासून ती दर रविवारी फोनवर त्या घराचं वर्णन करायची. एका रविवारी बाबा "बरं" म्हणाले. आम्ही, म्हणजे मी, माझा नवरा कॅलम आणि टिली, पुढच्या मोठ्या घरात आणि बाबा मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत असे राहत होतो, पण खरं सांगायचं तर बाबा त्या दोन खोल्यांतही राहत नव्हते. ते त्यांच्या खुर्चीत राहत होते. वर्षभर त्यांनी बागेत पाऊल टाकलं नव्हतं.

"लॉरेलनं लिहून ठेवलंय 'लाव'," बाबा पाकिटाकडे बघत म्हणाले. "हे एक काम राहिलंय. एप्रिलमध्ये पीक निघालं की मी शर्लीकडे जायला मोकळा."

मी बोटांवर मोजलं. ऑक्टोबर ते एप्रिल. टिलीला तोपर्यंत पाय फुटलेले असतील. दहा वर्षांनी फळ धरणारं एखादं झाड आईला सुचलं नाही याचा मला पहिल्यांदाच राग आला. त्या तीन बियांना मी मनातल्या मनात म्हटलं, बायांनो, सावकाश.

आता पहिली अडचण. कायद्यानं झाड वाढवायला हरकत नाही, पण बी विकणं, देणं, भेट म्हणून हातावर ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. बाबांनी माहिती केंद्राला फोन लावला आणि मीही ऐकावं म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"झाड कायदेशीर आहे?" बाबा.

"हो."

"बी विकत घेता येतं?"

"नाही."

"कुणी दिलं तर?"

"देता येत नाही."

"मग कायदेशीर झाड येतं कुठून?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "त्याबद्दल सल्ला देणं आमच्या कक्षेत येत नाही, सर."

"छान उत्तर आहे," बाबा मनापासून म्हणाले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पुढे जाईल पोरगी."

त्यानंतर दोन दिवस खपून त्यांनी तीन पानी टिपणी लिहिली. प्रश्न असा होता की दिवंगत पत्नीच्या बिया नवऱ्याकडे आल्या तर तिनं त्या त्याला 'दिल्या' असं होतं का. टिपणीचा निष्कर्ष: पत्नीनं दिल्या नाहीत, पत्नी फक्त निघून गेली; बिया शेडमध्येच होत्या आणि शेड पहिल्यापासून दोघांची आहे. खाली सही, तारीख. "पत्नी फक्त निघून गेली" या ओळीपाशी मी जरा अडखळले. बाबांनी ती दुसऱ्यांदा वाचून तिथला स्वल्पविराम दुरुस्त केला.

दुसरी अडचण माझा नवरा. कॅलम केंद्र सरकारच्या एका अशा कचेरीत आहे जिथं आत जायला तीन दरवाजे आणि गळ्यात दोन कार्डं लागतात. आमच्या गावचा कायदा काहीही म्हणो, केंद्राचा कायदा वेगळं म्हणतो, आणि कॅलमला या दोन कायद्यांच्या मध्ये उभं राहायचं नव्हतं. त्यानं एकच मार्ग काढला. तो त्या झाडाला शेवटपर्यंत 'टोमॅटो' म्हणाला.

"टोमॅटोला पाणी घातलं का बाबांनी?"

"कॅलम, घरात आपण दोघंच आहोत."

"मी टोमॅटोबद्दल विचारतोय, ब्रॉनी."

सल्ला द्यायला शेजारी होतेच. डावीकडे गॅविन, एकटा, कॉम्प्युटरवाला. त्यानं स्वतःच्या दोन झाडांची रोजची उंची एका तक्त्यात लिहून ठेवलेली असे आणि त्या झाडांबद्दल तो 'पोरी' असं बोले. उजवीकडे मिलेना. ती तरुणपणी क्रोएशियाहून आली आणि गेली तीस वर्षं आमच्या कुंपणावरून आमच्या बागेवर नाराज आहे. तिच्या टोमॅटोच्या आणि मिरच्यांच्या ओळींच्या टोकाला तिचीही दोन झाडं असत, खुब्याच्या दुखण्यासाठी.

"हायब्रिड ना?" गॅविन बाबांना म्हणाला. "मग काळजीच नको, डेस. हल्ली हायब्रिड म्हणजे सगळ्या माद्याच. पीक मादीलाच येतं. तुम्ही नुसतं बघत राहा."

"कोंबडीचं खत घाल," मिलेना पलीकडून ओरडली. "आणि याचं ऐकू नकोस, डेस्मंड. हा मोजतो फार. मोजल्यानं झाडाला लाज वाटते."

कपच्या दिवशी दुपारी तीन वाजता अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. त्या तीन मिनिटांत आमच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाबांनी बरोबर तीन वाजता फावडं हातात घेतलं, कारण आईनं 'कपनंतर' लिहिलं होतं आणि 'नंतर'चा अर्थ त्यांनी अगदी काटेकोर लावला होता. शर्यत सुटली, संपली, शेजारून कुणाचा तरी जिंकल्याचा चीत्कार ऐकू आला आणि बाबा गुडघ्यावर बसले. मी खिडकीतून बघत होते. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या पँटच्या गुडघ्यांना माती लागली. ती पँट धुवायला टाकताना मी ते डाग जरा वेळ बघत बसले. बाळ झाल्यापासून माझं असं होतं, कशानंही डोळे भरून येतात. धुण्याच्या साबणाच्या जाहिरातीनंसुद्धा.

तीनपैकी एक बी कुंडीतच राहिलं होतं, उगवलंच नाही. दुसऱ्याचं रोप लावल्यावर चार दिवसांनी गोगलगाईनं खाल्लं, मागे एक हिरवा देठ ठेवून. बाबांनी त्या देठाचा फोटो काढून फाईलला लावला. उरलं एक. ते मात्र आईच्या अक्षरासारखं तिरकं आणि घाईघाईनं वाढायला लागलं.

टिलीही वाढत होती. नोव्हेंबरच्या अखेरीला ती पोटावर सरकायला लागली आणि बाबांना कायद्याचं कलम आठवलं: मुलांचा हात पोचता कामा नये. मी म्हटलं, "बाबा, ती अजून सोफ्यापर्यंत पोचत नाही."

"कायदा सोफ्याबद्दल बोलत नाही," बाबा म्हणाले आणि कोंबड्यांची जाळी, चार खांब आणि एक कुलूप असं सगळं आणून पिंजरा बांधायला लागले. पिंजऱ्याची उंची त्यांच्या डोक्यावर गेली तेव्हा त्यांच्या मनात शंका आली की एवढ्या उंच बांधकामाला परवानगी लागत असेल. ते स्वतःहून कचेरीत विचारायला गेले. (न विचारता गप्प बसण्याची कला आमच्या घराण्यात नाही.) खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "शेड आहे की कुंपण?"

"पिंजरा."

"पिंजरा हा पर्याय फॉर्मवर नाही. आत काय ठेवणार?"

"एक झाड."

"झाड पळून जाईल?"

बाबा परत आले ते चार पानांचा फॉर्म घेऊन. त्यात वाऱ्याचा जोर आणि पाण्याचा निचरा यांचेही रकाने होते. शेवटी त्यांनी पिंजरा एक वीत कापून कमी केला आणि फॉर्म भरायचा प्रश्न मिटवला. झाडाला वर डोकं काढायला जागा राहावी म्हणून छप्पर उघडं ठेवलं. तिथून पांढरे काकाकुवा आत बघायचे, आणि पिंजरा असूनही पक्षी बाहेर आणि माणूस आत, या व्यवस्थेवर कर्कश आवाजात चर्चा करायचे.

माणूस आत, हे शब्दशः झालं, आणि ते माझ्यामुळे. घरात टिली सरकायला लागल्यापासून माझा हात आपोआप दिसेल त्या दाराला कडी घालायचा. डिसेंबरातल्या एका तापलेल्या दुपारी बाबा पाणी घालायला पिंजऱ्यात गेले, मी टिलीला कडेवर घेऊन तिथून जाता जाता बाहेरची कडी घातली, कुलूप दाबलं, घरात येऊन तिला पाजायला बसले आणि आम्ही दोघीही सोफ्यावर गाढ झोपलो. दोन तास. बाबांनी हाक मारली नाही, कारण बाळ झोपलेलं असणार हे त्यांना माहीत होतं. गॅविन कुंपणावरून डोकावला तेव्हा बाबा उलट्या बादलीवर बसून झाडाच्या सावलीत पेपर वाचत होते.

"किती वर्षांची झाली, डेस?" गॅविननं विचारलं.

"अपील चालू आहे," बाबा म्हणाले.

ही गोष्ट दोन दिवसांत रस्त्यावर सगळ्यांना माहीत झाली. त्यानंतर मी टिलीची गाडी ढकलत निघाले की लोक मला मोठ्या सहानुभूतीनं विचारत, "झोप मिळतेय ना?" मला राग यायचा. बाबांना मात्र यायचा नाही. मला नंतर कळलं की त्या दोन तासांत ते एकटे नव्हते.

झालं असं की ख्रिसमसच्या सुमारास एकदा मी भांडी घासत होते, खिडकी उघडी होती, आणि पिंजऱ्यातून बाबांचा आवाज आला. आधी वाटलं फोनवर आहेत. मग ऐकू आलं, "...तर टिलीला दोन दात आलेत. खालचे. ब्रॉनी दमते, पण बोलत नाही, तुझ्यावर गेलीय. आणि शर्ली म्हणते त्या घराला चांगला वारा येतो. आता वारा काय, आपल्याकडेही येतो." मी नळ बंद केला. हात फेसात तसेच ठेवून उभी राहिले. आई असताना बाबा संध्याकाळी तिला असाच दिवसाचा अहवाल द्यायचे आणि ती मटार सोलत मध्येच "हं" म्हणायची. मी खिडकीशी उभी राहून त्या "हं"ची वाट बघितली. टिलीच्या जन्माआधी सात महिने आई गेली. तिला बातमी तेवढी कळली होती. ती म्हणाली होती, "मुलगी असेल तर तिला टोपी घालत जा, तुझे कान लहानपणी फार भाजायचे." टिलीला मी रोज टोपी घालते. ती रोज काढून फेकते.

जानेवारीत झाड पिंजऱ्याच्या वर गेलं. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला, गॅविनच्या आणि मिलेनाच्या झाडांवर अजून काहीच नसताना, आमच्या झाडाला फांदीफांदीवर घोस लागले. छोट्या छोट्या हिरव्या मण्यांचे, गच्च. बाबांचा आनंद मला आजही डोळ्यांसमोर दिसतो.

"जोरदार पीक म्हणाली होती! बघ! इतरांच्या पंधरा दिवस आधी!"

दाखवायला मात्र कुणी नव्हतं. गॅविन, शाळा उघडल्या की किनाऱ्यावर गर्दी नसते म्हणून दरवर्षीसारखा तीन आठवडे समुद्रावर गेलेला. मिलेनाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ती मुलीकडे. म्हणजे ज्या दोन माणसांनी आयुष्यभर न विचारता सल्ले दिले, ती दोघंही नेमकी त्या तीन आठवड्यांत गप्प होती.

बाबा टोमॅटोवाले. आमच्या गावात टोमॅटो पिकवणारा प्रत्येक माणूस एक गोष्ट करतो: फुलं आली की सकाळी, दव सुकल्यावर, झाडाला हलकेच टिचक्या मारतो. फूल हललं की फळ चांगलं धरतं. बाबांनी चाळीस वर्षं टोमॅटोला टिचक्या मारल्या होत्या. तेव्हा मणी उमलायला लागल्यावर ते रोज दहा वाजता पिंजऱ्यात जाऊन, एका हातानं खोड धरून, प्रत्येक फांदीला प्रेमानं टिचक्या मारू लागले. पिवळी धूळ उडायची. उन्हात ती सुंदर दिसायची. वारा कधी डावीकडे नेई, कधी उजवीकडे.

"आमच्या शर्टांवर हे पिवळं काय आहे?" दोरीवरचे कपडे काढताना कॅलमनं विचारलं.

"टोमॅटो," मी म्हटलं.

तो त्या आठवड्यात सगळे शर्ट दुकानातून धुऊन आणायला लागला.

मिलेना परतली ती चार पायांची काठी टेकत. पहिल्याच सकाळी, दहा वाजता, ती कुंपणाशी आली. बाबांनी तिला बघून उत्साहानं एक फांदी वाकवली. "ये, बघ! लॉरेलचं हायब्रिड!" आणि टिचकी मारली.

मिलेनानं धुळीचा तो ढग आपल्या मिरच्यांवरून तरंगत जाताना बघितला. कपाळ, छाती, खांदे असा क्रूस काढला.

"डेस्मंड," ती म्हणाली, "हा पुरुष आहे."

"कोण?"

"हा. तुझं झाड. नर आहे तो. त्याला कसलं पीक! आणि तू त्याला रोज हलवत होतास?"

बाबांचा हात फांदीवरच राहिला. "दहा वाजता," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "तीन आठवडे."

नराचा पराग अंगावर पडला की मादी झाडं बिया धरतात आणि ज्यासाठी एवढी खटपट करायची त्या कळ्या वाया जातात, हे त्या दिवशी मला कळलं. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरून, नाक सोलवटून आलेला गॅविन आपल्या बागेत गेला, भिंग घेऊन खाली वाकला, आणि त्याची किंकाळी तीन घरं ऐकू गेली.

"डेस! माझ्या दोन्ही पोरी गरोदर आहेत!"

"ओरडू नकोस," मिलेना पलीकडून म्हणाली. "माझ्याही आहेत."

बाबांनी दोघांना रीतसर चहाला बोलावलं. मी नारळाचे केक केले, ते मधे कच्चे राहिले, ती माझी त्या दिवशीची स्वतंत्र नामुष्की. बाबांनी दोघांपुढे एकेक बंद पाकीट ठेवलं. आत माफीपत्र, तारखांसह, टिचक्यांची अंदाजे संख्या परिशिष्टात.

"सहाशे तीस?" गॅविन वाचून म्हणाला.

"कमीत कमी," बाबा म्हणाले.

"गॅविन, तूच म्हणाला होतास हायब्रिड म्हणजे माद्याच," मी म्हटलं. वडिलांचा अपमान होत असताना मुलीनं गप्प बसू नये.

"ते दुकानातलं हायब्रिड! हे कुठलं काय माहीत! आणलं तरी कुठून लॉरेलनं?"

"माझ्याकडून," मिलेना म्हणाली. "मीच दिल्या बिया."

बाबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "मी हे ऐकलेलं नाही! मिलेना, देणं हा गुन्हा आहे! माझी टिपणी..."

"तुझी टिपणी घाल कोंबडीच्या खतात. लॉरेल इथं, याच खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, तुला दुखतंय ना, माझ्या तयार कळ्याच घेऊन जा. नको म्हणाली. बिया दे म्हणाली. मी काही तोवर पुरणार नाही, पण हिवाळ्यानंतर डेसच्या हाताला काहीतरी काम लागेल, म्हणाली."

बाबांचे हात अजून कानांवर होते. पण ऐकू येतच होतं. त्यांनी हात खाली घेतले, टेबलावर सांडलेला केकचा चुरा बोटानं एका जागी गोळा केला आणि पुष्कळ वेळ त्याच्याकडे बघत राहिले. गॅविननं तो पुष्कळ वेळ आपला चहा ढवळण्यात काढला. त्यात साखर नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी झाड कापलं. करवतीनं, बुंध्यापाशी. फांद्या तोडून मातीत पुरल्या, पिंजरा उलगडून जाळीची गुंडाळी शेडमध्ये ठेवली, कुलपाला तेल घातलं. मग हात धुऊन स्वयंपाकघरात आले.

"पीक नाही म्हटल्यावर एप्रिलपर्यंत थांबण्यात अर्थ नाही," ते म्हणाले. "लॉरेलनं दिलेलं काम झालं. पुढच्या गुरुवारचं तिकीट आहे. तुला चालेल ना?"

"हो," मी म्हटलं. "चालेल की. का नाही चालणार?"

असं म्हणताना मी टिलीला भोपळा भरवत होते आणि चमचा तिच्या कानाशी नेला होता.

त्या आठवड्यात मिलेनानं मला कुंपणाशी गाठलं.

"तू त्याला थांब म्हणालीस का?"

"त्यांचं आयुष्य आहे. मी कोण अडवणार?"

"मुलगी नाही तर कोण अडवणार!" तिनं काठी आपटली. "माझ्या मुलीला मी सांगितलं नाही तरी ती अडवते. भांडते. बॅग लपवते. तुम्ही लोक एकमेकांना इतके मोकळे सोडता की हरवता. तुझी आईही तशीच. थांब म्हणायचं तर चिठ्ठी लिहून बियांच्या डब्यात ठेवली!"

मला तिला सांगता आलं नाही की मी रोज ठरवते. सकाळी ठरवते की दुपारी म्हणेन. दुपारी बाबा टिलीला हातावर घेऊन लिंबाच्या झाडापाशी उभे असतात, तिला पानं चुरगळून वास देतात, आणि मला वाटतं, आत्ता बोलले तर हे मोडेल. मग पाच वाजतात. पुन्हा एक दिवस कमी. बाबा समोर होते आणि तरी मला त्यांची इतकी आठवण येत होती की मी त्यांच्याशी तुटक बोलायला लागले होते. जाणाऱ्यावर माणूस असं का चिडतं कोण जाणे.

बुधवारी दुपारी बाबांनी मला एक फाईल दिली. आमच्या गावात नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी केक खातो आणि कार्यभार सोपवण्याची टिपणी लिहितो. बाबांनी घराची लिहिली होती. तीन रकाने: बाब, तपशील, जबाबदार व्यक्ती. मी उभ्या उभ्या वाचायला घेतली, कारण बसले असते तर उठले नसते.

छपराची पन्हळ साफ करणे, पानं गळायच्या आत: कॅलम. मिलेनाचा कचऱ्याचा डबा दर सोमवारी रस्त्यावर नेऊन ठेवणे, ती नको म्हणेल, तरीही: कॅलम. गॅविन बोलत नसला तरी त्याला रोज हात करणे: सर्वांनी. शेडच्या दाराची बिजागरी, तेल: ब्रॉनी. टिलीची टोपी, गळ्याखाली फीत शिवून घेणे: मिलेना (कबूल केलं आहे). अशा दहा बाबी होत्या.

अकरावी बाब होती, ब्रॉनी. तपशिलात लिहिलं होतं: 'मदत मागत नाही. विचारावं लागतं. पहिल्यांदा विचारल्यावर ठीक आहे म्हणते. ते खरं धरू नये. दुसऱ्यांदा विचारावं.'

पुढचा रकाना कोरा होता.

मी ती ओळ परत वाचली. टिली माझ्या पायाला धरून उभी राहायची खटपट करत होती.

"बाबा, इथं नाव नाही."

"हो." ते खिडकीकडे बघत होते. "कॅलमचं लिहिलं होतं आधी. पण तो साडेसहाला येतो. मिलेनाचं खुब्याचं दुखणं आहे. आठवडाभर विचार केला. माणूस मिळाला नाही."

"मग?"

"मग काय, पद रिक्त आहे."

मी बोलायला गेले असते तर पुन्हा "चालेल" असंच निघालं असतं, माझं तोंडच तसं वळलेलं आहे. बाबा चष्मा पुसायला लागले. एक काच झाली. दुसरी झाली.

"तुला चालेल ना, ब्रॉनी?" त्यांनी विचारलं. "मी गेलो तर?"

"नाही," मी म्हटलं.

एवढा लहान शब्द. तो बाहेर पडायला पाच महिने लागले आणि त्याच्यामागून जे काही आलं त्यानं बाबांचा स्वेटर, फाईल आणि टिलीचं डोकं ओलं झालं. टिलीला ते आवडलं नाही. ती आमच्या दोघांहून मोठ्यानं रडली, तेव्हा तिला उचलणं भाग पडलं, आणि ती बाबांकडेच झेपावली.

"खात्याचा एक नियम आहे," काही वेळानं बाबा घसा साफ करत म्हणाले. आवाज सरकारी करायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. "बदली माणूस हजर झाल्याशिवाय आधीच्यानं कार्यभार सोडायचा नसतो. तात्पुरती व्यवस्था म्हणून मला राहावं लागेल. शर्लीला मी तसं लेखी कळवतो."

लेखी कळवलंही. आत्यानं ते पत्र मिळाल्यावर फोन करून अर्धा तास आरडाओरडा केला आणि शेवटी, त्या घराला वारा खरं तर फारसा येत नाही, हे कबूल केलं.

ती अजून दर रविवारी फोन करते. बाबा अंगणात जाऊन बोलतात, आणि मी आत भांडी घासता घासता नळ बंद करून उभी राहते. मधूनच ते "बघू, बघू" म्हणतात आणि मी घासलेलंच ताट परत घासायला घेते. फोन ठेवल्यावर ते आत येतात, टिलीला उचलतात, आणि मला विचारतात, दमलीस का? मी म्हणते, नाही, ठीक आहे. मग ते दुसऱ्यांदा विचारतात.

पद अजून रिक्तच आहे. मी जाहिरात दिलेली नाही.